संत्रागोळीचा ताळेबंद

१. प्रचलित समज आणि प्रस्तुत प्रतिपादन

किराणा दुकानाच्या फळीवरच्या बरणीत ठेवलेली, संत्र्याच्या फोडीच्या आकाराची नारिंगी गोळी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी चघळली आहे, आणि त्याच पिढ्यांनी आपापल्या मुलांना तिच्याविषयी एकच ताकीद दिली आहे: तिच्यात रंग असतो, केमिकल असते, म्हणून ती फार खाऊ नये. या ताकिदीतला उपदेश योग्य असला तरी त्यामागचे कारण चुकीचे आहे. आणि कारण चुकले की उपदेशही टिकत नाही, कारण उत्पादकाने रंग बदलून वेष्टनावर ‘नैसर्गिक’ असे छापले की तीच गोळी त्याच घरात निर्धोक ठरते.

या ताकिदीच्या मुळाशी एक व्यापक समजूत आहे. जो घटक परका वाटतो, ज्याचे नाव उच्चारता येत नाही किंवा ज्याची ओळख केवळ क्रमांकाने होते, तो घातक. आणि जो घटक स्वयंपाकघरातल्या डब्यात रोज दिसतो, तो निरुपद्रवी, असे ती मानते. ही समजूत उथळ आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. घटकाची अपायकारकता त्याच्या परकेपणावरून ठरत नाही. ती तीन कसोट्यांवर तपासावी लागते. पहिली कसोटी मात्रेची, म्हणजे तो किती खाल्ला जातो. दुसरी वारंवारितेची, म्हणजे तो किती वेळा तोंडात येतो. आणि तिसरी उगमाची, म्हणजे तो गोळीत येईपर्यंत त्याची किंमत कोणी आणि कशी चुकवली. या तिन्ही कसोट्यांवर संत्रागोळीतला सर्वांत गंभीर घटक सर्वांत ओळखीचाच, म्हणजे साखर, हा ठरतो.

२. गोळीची घडण

कसोट्यांकडे वळण्यापूर्वी गोळीत नेमके काय असते हे पाहणे आवश्यक आहे. लिमलेटची किंवा संत्र्याची गोळी ही उकळून केलेल्या साखरमिठाईच्या वर्गात मोडते. साखरेच्या पाकात लिक्विड ग्लुकोज मिसळून ते मिश्रण साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत आटवले जाते, तेव्हा त्यातील पाण्याचा अंश दोन-तीन टक्क्यांवर येतो. लिक्विड ग्लुकोज म्हणजे मक्याच्या स्टार्चचे आम्लाच्या किंवा विकरांच्या साहाय्याने तुकडे करून मिळवलेला दाट पाक. त्यात ग्लुकोजच्या सुट्या रेणूंबरोबर ग्लुकोजच्याच लांब-आखूड साखळ्या असतात, आणि या साखळ्यांची अडचण झाल्यामुळे थंड होणाऱ्या साखरेच्या रेणूंना स्फटिकाची शिस्तबद्ध रचना करता येत नाही. परिणामी जो पदार्थ तयार होतो तो रवाळ किंवा भुसभुशीत न होता काचेसारखा पारदर्शक, कठीण आणि सावकाश विरघळणारा होतो. गोळीचे सारे आकर्षण या सावकाश विरघळण्यात आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिचा मुख्य अपायही त्यातच आहे.

आटवलेला पाक किंचित निवल्यावर त्यात सायट्रिक आम्ल, स्वाद आणि रंग घातले जातात. आम्ल आधी घातले तर उष्णतेत साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे विघटन होते आणि गोळी चिकट होते, म्हणून त्याचा क्रम शेवटचा. हे आम्ल लिंबापासून काढले जात असेल असे नावावरून वाटते, परंतु त्याचे औद्योगिक उत्पादन ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीला मळीवर किंवा स्टार्चपासून केलेल्या साखरेवर वाढवून होते. ही पद्धत जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या १९१७ सालच्या संशोधनावर उभी आहे. स्वादासाठी संत्र्याच्या सालीतील तेल किंवा त्यातल्या घटकांसारखेच, पण कारखान्यात तयार केलेले घटक वापरले जातात. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच संयुगाचा असतो. रंगासाठी सनसेट यलो आणि टार्ट्राझिन हे कृत्रिम रंग वापरतात. खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे ११० आणि १०२ आहेत.

चार ग्रॅम वजनाच्या एका गोळीत साधारण अडीच ग्रॅम साखर असते. उरलेला बहुतेक भाग लिक्विड ग्लुकोजचा असतो, तर आम्ल आणि स्वाद अल्प प्रमाणात आणि रंग मिलिग्रॅमच्या अंशात असतो. म्हणजे ज्या घटकाविषयी सर्वाधिक बोलले जाते तो वजनाने सर्वांत कमी, आणि ज्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते तोच गोळीचा सर्वांत मोठा भाग व्यापून असतो. वजन कमी म्हणून धोका कमी असे अर्थातच सिद्ध होत नाही, कारण काही द्रव्ये अत्यल्प मात्रेतही विषारी असतात. म्हणून मात्रेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

३. पहिली कसोटी: मात्रा

भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम इतकी आहे. या मर्यादेपर्यंत रंग वापरला असे धरले, तर चार ग्रॅमच्या गोळीत तो ०.४ मिलिग्रॅम येतो. सनसेट यलोच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन स्वीकारार्ह मानले आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला कोणताही अपाय आढळत नाही, तिला सामान्यतः शंभराने भागून अशी मर्यादा ठरवली जाते, म्हणजे तिच्यात सुरक्षिततेचे अंतर आधीच राखलेले असते. २० किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा ८० मिलिग्रॅम होते आणि केवळ गोळ्यांमधून ती गाठण्यासाठी त्या मुलाला एका दिवसात २०० गोळ्या खाव्या लागतील.

आता हाच हिशेब साखरेला लावला तर चित्र पालटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार अन्नात वरून मिसळलेल्या, तसेच मध आणि फळांच्या रसात असलेल्या मुक्त शर्करांमधून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ती ५ टक्क्यांखाली आणली तर अधिक चांगले. त्याच २० किलो वजनाच्या मुलाची दैनंदिन गरज सुमारे १,४०० किलोकॅलरी धरली, तर या मर्यादा अनुक्रमे ३५ आणि साडेसतरा ग्रॅम होतात. लिक्विड ग्लुकोजमधील लांब साखळ्या हिशेबातून वगळल्या तरी पाच-सहा गोळ्यांत खालची आणि दहा-बारा गोळ्यांत वरची मर्यादा गाठली जाते, आणि तेही दूध, चहा, बिस्किटे व शिरा यांतली साखर मोजण्याआधीच. रंगाची मर्यादा २०० गोळ्यांवर आहे आणि साखरेची १२ गोळ्यांवर, हे एकदा ध्यानात घेतले की रंगाला भिऊन साखरेकडे दुर्लक्ष करण्यातला विपर्यास उघड होतो.

रंग पूर्णपणे निर्दोष आहेत असा याचा अर्थ नव्हे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांचे मिश्रण दिलेल्या मुलांमध्ये चंचलपणा थोडा वाढलेला आढळला, आणि त्यानंतर युरोपीय संघाने जुलै २०१० पासून सनसेट यलो आणि टार्ट्राझिन यांसह सहा रंगांबाबत वेष्टनावर इशारा देणे बंधनकारक केले. मात्र तो परिणाम सरासरीने लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रणातल्या कोणत्या द्रव्यामुळे तो घडला हे त्या अभ्यासातून ठरवता येत नव्हते. रंगाचा पोषणाला काहीही उपयोग नसल्यामुळे तो वगळणे शहाणपणाचेच आहे. परंतु तो वगळल्याने गोळी सुधारली असे मानणे म्हणजे ताळेबंदातली सर्वांत लहान रक्कम फेडून कर्जमुक्त झाल्याचे जाहीर करण्यासारखे आहे.

४. भीती रंगाकडेच का वळली

ही भीती निराधारपणे जन्माला आलेली नाही, हे मान्य करणे न्याय्य ठरेल. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मिठाईला रंग आणण्यासाठी शिशाची आणि तांब्याची विषारी संयुगे सर्रास वापरली जात, आणि भेसळ हा मिठाईच्या धंद्याचा नित्याचा भाग होता. १८५८ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे साखरेऐवजी स्वस्त भर म्हणून घालावयाच्या पांढऱ्या भुकटीच्या जागी चुकून आर्सेनिक गेले आणि त्या पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे वीस माणसे दगावली. या घटनेने तेथील भेसळविरोधी आणि औषधविक्रीविषयक कायद्यांना चालना दिली. भारतातही २०२४ च्या प्रारंभी म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा, खाण्यास बंदी असलेला रंग आढळल्यावर पुदुच्चेरी आणि तमिळनाडू यांनी त्या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली.

परंतु या दोन्ही उदाहरणांत दोष भेसळीचा किंवा बंदी असलेल्या द्रव्याचा आहे. परवानगी असलेल्या मात्रेतील परवानगी असलेला रंग आणि कापड रंगवण्याचे रसायन यांना ‘केमिकल’ या एकाच शब्दात कोंबले की विचार थांबतो, आणि शोध घेण्याऐवजी केवळ क्रमांकांना भिण्याची सवय लागते. १९७६ पासून फ्रान्समध्ये आणि नंतर युरोपभर एका रुग्णालयाच्या नावावर खपवले गेलेले एक खोटे पत्रक फिरत होते. त्यात सर्वांत घातक म्हणून नोंदवलेले द्रव्य होते क्रमांक ३३०, म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबात असते आणि माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या चक्रातही असते. त्या रुग्णालयाने वारंवार इन्कार करूनही ते पत्रक वर्षानुवर्षे हातोहात जात राहिले, यावरून परकेपणाच्या भीतीला पुराव्याची गरज किती कमी असते हे कळते.

ओळखीच्या घटकाकडे दुर्लक्ष होण्यामागे केवळ लोकमानस नाही, हितसंबंधही आहेत. अमेरिकी साखर उद्योगाच्या १९५९ ते १९७१ या काळातील अंतर्गत कागदपत्रांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साखरेने दात किडतात हे ठाऊक असूनही उद्योगाने संशोधनाचा रोख साखर कमी करण्यावरून दंतपटल, म्हणजे दातांवरचा थर, विरघळवणारी विकरे आणि किडीविरुद्धची लस यांसारख्या उपायांकडे वळवण्याचा प्रयत्न केला, असे त्यातून दिसून आले. साखरेविषयीचा प्रश्न साखरेपासून दूर नेणे ही अशी जाणीवपूर्वक वापरलेली युक्तीही आहे.

५. दुसरी कसोटी: वारंवारिता

दात किडण्याची प्रक्रिया मात्रेपेक्षाही वेळेशी अधिक जोडलेली आहे, आणि म्हणूनच गोळीच्या बाबतीत ती निर्णायक ठरते. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जीवाणू साखरेचे आम्लात रूपांतर करतात. शिवाय सुक्रोजपासून, म्हणजे नेहमीच्या साखरेपासून, ते एक चिकट बहुशर्करा तयार करतात आणि तिच्या आधाराने दातांवर थर धरून बसतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात दाखवून दिले की साखर तोंडात आल्यावर काही मिनिटांतच दातांवरील थराचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, झपाट्याने खाली येतो आणि पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. सामू साधारण साडेपाचच्या खाली असेपर्यंत दाताच्या बाह्य आवरणातील खनिजे विरघळत राहतात. तो वर आला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या साहाय्याने थोडी दुरुस्ती होते. दात किडणे म्हणजे या झीज-भरपाईच्या व्यवहारात झीज सतत वरचढ ठरणे.

या दृष्टीने पाहिल्यास एकाच वेळी खाल्लेल्या पाच गोळ्या आणि दिवसभरात अंतराअंतराने खाल्लेल्या पाच गोळ्या यांची मात्रा सारखी असली तरी परिणाम सारखा नसतो, कारण दुसऱ्या प्रकारात दात पाच वेळा आम्लात बुडतात आणि दुरुस्तीला सवड मिळत नाही. कठीण गोळी तोंडात बराच वेळ राहील अशीच रचलेली असल्यामुळे, आणि तिच्यातले सायट्रिक आम्ल जीवाणूंच्या मदतीवाचूनही दाताचे आवरण झिजवत असल्यामुळे, वजनाने क्षुल्लक असलेली गोळी दातांच्या दृष्टीने एखाद्या वाटीभर खिरीपेक्षा अधिक त्रासदायक ठरू शकते.

याचा ठोस पुरावा स्वीडनमधून आला, आणि तो ज्या मार्गाने मिळाला तो मार्ग स्वतःच निषेधार्ह आहे. लुंड येथील विपेहोल्म या बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या संस्थेत १९४० च्या दशकाच्या मध्यापासून तेथील रहिवाशांना त्यांच्या संमतीवाचून वेगवेगळ्या स्वरूपात साखर खाऊ घालण्यात आली, ज्यांत दातांना चिकटून राहील अशा खास टॉफीचाही समावेश होता. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने किडीत फारशी वाढ झाली नाही, तर जेवणांच्या मध्ये वारंवार दिलेल्या चिकट मिठाईने ती तीव्रतेने वाढली. त्यानंतर स्वीडनमध्ये गोळ्या-चॉकलेटे आठवड्यातून एकदाच, शनिवारी खाण्याचा सल्ला रूढ झाला. त्या सल्ल्यात बंदी नव्हती, केवळ वारंवारितेला आळा होता. आणि तो आळा साखरेला होता, रंगाला नव्हता.

साखरेने मुले बेभान होतात ही आणखी एक लोकप्रिय समजूतही येथेच बाजूला ठेवली पाहिजे, कारण १९९५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात, मुलांना व पालकांना काय दिले आहे हे ठाऊक नसताना साखरेचा वर्तनावर परिणाम आढळला नाही. साखरेवरचा आरोप सिद्ध करण्यासाठी खोट्या पुराव्याची गरज नाही. खरा पुरावा पुरेसा आहे.

६. तिसरी कसोटी: उगम

महाराष्ट्राच्या संदर्भात ही कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथे गोळी आणि ऊस यांचे नाते अगदी थेट आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळ रावळगाव येथे साखर उद्योग उभारला आणि १९४२ पासून तेथेच गोळ्या तयार होऊ लागल्या. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ ही नावे तिथूनच घराघरांत पोहोचली, आणि २०२४ मध्ये ती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीकडे गेली. गोळी ही साखरेपासून वेगळी वस्तू नसून साखर विकण्याचाच एक प्रकार आहे, हे रावळगावच्या इतिहासातून स्पष्ट होते.

या साखरेचा पहिला भार पाण्यावर पडतो. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत नोंदवल्याप्रमाणे महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो, आणि राज्यात एक किलो साखरेसाठी सुमारे २,००० लिटर पाणी लागते. या हिशेबाने एका गोळीतल्या अडीच ग्रॅम साखरेमागे पाच लिटर पाणी खर्च झालेले असते, आणि ते अशा राज्यात, जेथे मराठवाड्यातील अनेक गावांना उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

दुसरा भार माणसांवर पडतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी यांसारख्या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालून राहतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडत राहावे लागते. मजुरी व्यक्तीला नसून ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मोजली जाते, आणि एकाने काम चुकवले की खाडा म्हणून दंड कापला जातो. या व्यवस्थेत पाळीच्या किंवा आजारपणाच्या दिवशीची विश्रांती हा आर्थिक तोटा ठरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अस्वाभाविक असल्याचे २०१९ मध्ये उघड झाल्यावर राज्याने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसले तरी ही तफावत केवळ योगायोगाने पडणारी नाही.

या श्रमाचा गोळीतला वाटाही मोजता येतो. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानुसार ऊसतोडीचा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये ठरला. एका टन उसापासून साधारण १०० किलो साखर मिळते, आणि तेवढ्या साखरेत ४० हजार गोळ्या होतात. म्हणजे एक रुपयाला विकल्या जाणाऱ्या गोळीत ऊस तोडणाऱ्या, मोळ्या बांधणाऱ्या आणि गाडी भरणाऱ्या जोडप्याचा वाटा एक पैशाहूनही कमी आहे. रंगाच्या मात्रेचा दशांश मिलिग्रॅमपर्यंत काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेत या पैशाचा हिशेब कुठेही छापला जात नाही.

७. वेष्टनाचे मौन

घटकांची माहिती वेष्टनावर असतेच, असे मानणाऱ्यांनी एकट्या गोळीचे वेष्टन उलगडून पाहावे. २०२० च्या अन्नसुरक्षा लेबलविषयक विनियमांनुसार ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणमूल्ये छापणे बंधनकारक नाही. ती माहिती मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर दिली की पुरते. बरणी दुकानदाराच्या बाजूला असते आणि मुलाच्या हातात केवळ गोळी येते, त्यामुळे जो ती खातो त्याच्यापर्यंत माहिती पोहोचतच नाही. ते वेष्टनही बहुधा धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे असते, आणि इतके लहान व हलके की कचरा वेचणाऱ्यालाही ते उचलून परवडत नाही. १ जुलै २०२२ पासून देशात लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरील बंदीत कँडीच्या प्लास्टिक काडीचा समावेश आहे, परंतु गोळीचे वेष्टन तिच्या बाहेर राहिले.

८. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की देशातल्या एकूण साखरेपैकी गोळ्यांत जाणारा भाग अल्प आहे, मग चहा, मिठाई आणि शीतपेये सोडून गोळीलाच धारेवर का धरावे? हे प्रमाण अल्प आहे हे खरे; परंतु गोळीची निवड तिच्या वाट्यामुळे नव्हे, तिच्या शुद्धतेमुळे केलेली आहे. चहात दूध असते, लाडवात बेसन आणि तूप असते, त्यामुळे साखरेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. गोळीत साखरेला कोणताच आडोसा नसल्यामुळे तिच्यावर लावलेल्या कसोट्या नंतर चहालाही लावता येतात.

दुसरा आक्षेप असा की रंगाच्या भीतीने का होईना, मुले गोळ्या कमी खात असतील तर त्या भीतीला धक्का का लावावा? याचे उत्तर बाजारानेच दिले आहे. रंगाला भिणाऱ्या ग्राहकासाठी नैसर्गिक रंगाची, व्हिटॅमिन सी घातलेली, गुळाची किंवा मधाची गोळी तयार होते आणि ती अधिक किमतीला, अधिक निर्धास्तपणे खाल्ली जाते. गुळाचाही बहुतांश भाग सुक्रोजच असतो, तोंडातले जीवाणू गूळ आणि साखर असा भेद करत नाहीत, आणि गुळासाठीचा ऊसही कोणीतरी तोडलेलाच असतो. शेंगदाण्याच्या चिक्कीत प्रथिने असतात हा तिचा खरा गुण आहे, पण तो गुण शेंगदाण्याचा आहे. साखरविरहित गोळीत आयसोमाल्टसारखे जे पदार्थ असतात त्यांचे तोंडात फारसे आम्ल होत नाही, हा दातांपुरता लाभ मान्य करावा लागतो. परंतु आयसोमाल्टही साखरेपासूनच तयार होते, त्यामुळे उगमाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

तिसरा आक्षेप असा की मुलांना काय द्यायचे हा पालकांचा प्रश्न आहे, शासनाचा किंवा समाजाचा नव्हे. मात्र पालकांची निवड ज्या चौकटीत घडते ती चौकट आधीच झुकलेली आहे. सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवण्याची रीत किराणा दुकानांत वर्षानुवर्षे चालत आली. माहिती बरणीवरच थांबते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून उकळलेल्या साखरमिठाईवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर साखरयुक्त फसफसत्या पेयांवर तो ४० टक्के आहे. पेयातली साखर दंडनीय आणि गोळीतली साखर सवलतीस पात्र ठरत असेल, तर त्या व्यवस्थेला तटस्थ म्हणता येत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: साखरेची मागणी घटली तर ऊस उत्पादक आणि ऊसतोड मजूर यांचीच हानी होईल. परंतु मजुराची दैना साखर कमी खपते म्हणून झालेली नाही; उचल, मुकादमी आणि कोयत्याची पद्धत यांनी ती घडवली आहे, आणि विक्रमी गाळपाच्या वर्षांतही ती टळलेली नाही. तोडणीचा दर दुप्पट केला तरी गोळीमागे वाढणारा खर्च एक पैशाच्या आत राहतो. मजुराला न्याय देण्यासाठी गोड कमी किंवा जास्त खाण्याची गरज नाही. त्याचा वाटा हिशेबात आणण्याची गरज आहे.

९. निष्पत्ती

तिन्ही कसोट्यांतून निघणारी दिशा गोळीवर बंदी घालण्याची नाही. मात्रेची कसोटी सांगते की साखरेचे प्रमाण ग्राहकाला गोळीच्या पातळीवर कळले पाहिजे. लहान वेष्टनाची सवलत कायम ठेवायची असेल, तर बरणीवर ग्राहकाच्या बाजूला ठळक अक्षरांत एका गोळीतली साखर लिहिणे सक्तीचे करता येते. शाळांमध्ये साखरेविषयीचे फलक लावण्याचा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा २०२५ चा आदेश, तसेच शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात अतिगोड पदार्थांच्या विक्रीला मनाई करणारे २०२० चे विनियम याच दिशेचे आहेत, मात्र ते शाळेच्या परिसरापलीकडे जात नाहीत. वारंवारितेची कसोटी सांगते की मुलाला गोळी नाकारण्यापेक्षा ती जेवणानंतर, ठरावीक दिवशी आणि एकत्र देणे अधिक परिणामकारक आहे. उगमाची कसोटी सांगते की साखर विकत घेणाऱ्या मिठाई उद्योगाने तोडणीच्या मजुरीची, पाण्याच्या वापराची आणि मजूर महिलांच्या आरोग्याची माहिती आपल्या पुरवठादार कारखान्यांकडून मागितली पाहिजे, जशी तो साखरेच्या दाण्याच्या आकाराची आणि ओलाव्याची मागतोच.

घटक तपासण्याची सवय चांगलीच आहे. ती परक्या नावांवर थांबते हा तिचा दोष आहे. जी व्यवस्था ०.४ मिलिग्रॅम रंगासाठी मर्यादा ठरवते, तिने अडीच ग्रॅम साखर, पाच लिटर पाणी आणि एक पैशाहून कमी मजुरी यांचाही हिशेब ठेवला पाहिजे, आणि तो हिशेब मागण्याची जबाबदारी रंगाबाबत आजवर जागरूक राहिलेल्या ग्राहकावरच येते.